घरं मोजणाऱ्या आजी

बोलता बोलता आजी मधेच थांबायच्या. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवायच्या, मान जरा तिरकी करायच्या आणि समोर कोण बसलंय याची पर्वा न करता चार-पाच ठोके ऐकायच्या. मग "चालू हाय" असं म्हणून वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे न्यायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्याची आता थोडी लाज वाटते.

मी भिवंडीत फिजिओथेरपी करते. माझं सेंटर म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालतात, त्यामुळे आम्ही सगळे जरा मोठ्यानेच बोलतो. मधेच लाइट जाते, लूम बंद पडतात, आणि "आता गुडघा वाकवा" हे वाक्य आपण उगाच ओरडून म्हटलं हे सगळ्या खोलीला कळतं.

आजी पहिल्यांदा आल्या त्या एका पांढऱ्या मोठ्या गाडीतून. अंबाडीच्या रस्त्याला त्यांचं गाव. पूर्वी भाताची शेती होती, आता त्या जागेवर गोदामं उभी आहेत आणि घराला दोन मजले, गाडी, सगळं आहे. मुलगा गाडी लावायला गेला होता. जिन्यातून आधी सून वर आली. तिच्या एका हातात सासूची पिशवी, दुसऱ्यात पाण्याची बाटली, काखेत फाइल. बाटली ठेवून ती परत खाली गेली आणि आजींना हाताला धरून वर घेऊन आली. पाठोपाठ आजींच्या चपलाही तिनेच आणल्या. आजींच्या अंगावर हिरवं लुगडं होतं आणि दोन्ही हातांत कोपराकडे सरकणाऱ्या सोन्याच्या बांगड्या. पाटल्या आणि मनगटाची हाडं यांच्यात खूप जागा मोकळी झालेली दिसत होती.

हार्ट अटॅक येऊन दोन महिने झाले होते. स्टेंट बसवला होता. हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, पंपिंग कमी आहे, पण आता तब्येत स्थिर आहे, देखरेखीखाली चालणं आणि हलके ताकदीचे व्यायाम सुरू करा.

"ताकदीचे?" सुनेने मला तीन वेळा विचारलं. "मॅडम, डॉक्टरांनी चुकून तर नाही ना लिहिलं? आम्ही आईंना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही."

"बघा," आजी म्हणाल्या. "मना काचेच्या कपाटात ठेवायची बाकी हाय."

मी त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. त्यांनी पुढे झुकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. नाही जमलं. सून लगेच धावली, पण आजींनी तिचा हात बाजूला केला आणि खुर्चीच्या दांड्याला धरून उठल्या. मग मी अर्ध्या किलोचं डंबेल त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्यापरास माझ्या बांगड्या जड हायत," त्या म्हणाल्या. "अगो, मी लावणीच्या दिवसांत भाताच्या आवणाच्या मुठी डोक्यावर घेऊन बांधावरून पळत असे. भाताची गोण पाठीवर मारलीय. आणि तू मना खुळखुळा देतेस."

मी म्हटलं, "दहा वेळा करून दाखवा."

आठव्या वेळेला त्यांचा हात थरथरायला लागला. नववी वेळ अर्ध्यातच राहिली. त्यांनी डंबेल मांडीवर ठेवलं आणि आपल्याच दंडाकडे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, असं त्या पाहत राहिल्या.

"हा हात माझाच हाय का गो?" त्यांनी विचारलं. त्या वेळी नेमकी लाइट गेली होती, त्यामुळे तो प्रश्न खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुखणं आलं की घरचे प्रेमाने त्यांच्या हातातून एकेक काम काढून घेतात. आधी बादली, मग केरसुणी, मग भाकरीचं पीठ. माणूस पलंगावर बसतो आणि दोन महिन्यांत अंगातलं बळ निघून जातं. मग जिना चढताना धाप लागते आणि सगळे म्हणतात, बघा, हृदय किती कमजोर आहे. खरं म्हणजे निम्मं काम पायांनी करायचं असतं. पाय थकले की सगळा भार हृदयावर येतो. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे बैलजोडीतला एक बसला की दुसऱ्याची मान मोडते." यापेक्षा बरं मला आजवर सांगता आलेलं नाही.

व्यायाम साधेच होते. खुर्चीत बसणं-उठणं, भिंतीला हात टेकून दंड, रबरी पट्टा ओढणं, ते अर्ध्या किलोचं वजन. आधी आणि नंतर बीपी बघायचं. छातीत दुखलं, चक्कर आली की थांबायचं. आणि मुख्य म्हणजे जोर लावताना श्वास धरून ठेवायचा नाही. त्यासाठी मी सगळ्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावते. तोंड चालू असलं की श्वास अडत नाही.

आजींना आकडे मोजणं पसंत नव्हतं. "एक, दोन, तीन काय, शाळेत हाय का मी?" त्या घरं मोजू लागल्या. गावाच्या वेशीपासून सुरुवात. एकदा हात वर केला की एक घर.

"वडाकडलं. मास्तरांचं. भगताचं. गिरणवाल्याचं. त्याच्या पोराने परवा नवी गाडी घेतली. सुईणीचं. ती मेली, पण घर तिचंच म्हणायचं."

प्रत्येक घरासोबत काहीतरी बातमी असायची, त्यामुळे दहा घरांना चांगला वेळ लागायचा. बाकीचे पेशंट आपापले व्यायाम सोडून ऐकत बसायचे. खांदा आखडलेले एक लूमवाले चाचा तर रोज विचारायचे, "अम्मा, आज कहाँ तक पहुँचे?" आणि आजी सांगायच्या, "विहीर के पास तक."

नववं घर त्यांच्या जावेचं होतं. बांधावरून जुना वाद. "ते मी मोजणार न्हाय," त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

"मग एक वेळ कमी पडेल, आजी."

"दहाव्याला दोनदा उचलते."

त्या बोटं मनगटावर का ठेवतात, ते त्यांनी मला तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. सून खाली औषधं घ्यायला गेली होती. हॉस्पिटलात त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. दुपारी दोघी गप्पा मारत होत्या, माहेर कुठलं, मुलं किती. ती बाई म्हणाली, "माझा मोठा..." आणि पुढे बोललीच नाही. पडदे ओढले गेले.

"तिचा मोठा काय करतो ते मना कळलंच न्हाय," आजी म्हणाल्या. मग बोटं मनगटावर गेली. या वेळी मी हसले नाही.

दोन महिन्यांत आजी खुर्चीतून हात न टेकता उठू लागल्या. अर्ध्याचं एक किलो झालं. मोजणी विहीर ओलांडून देवळापर्यंत गेली. आणि मग जे व्हायचं ते झालं. घरी कुणी नसताना त्यांनी तांदळाची भरलेली गोण कोठीतून ओढत स्वयंपाकघरात आणायला घेतली. मी घरचा जो व्यायाम सांगितला होता त्यात गोण नव्हती. श्वास धरला, जोर लावला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या गोणीवरच बसल्या. सून परत आली तेव्हा त्या घामाने भिजलेल्या होत्या. त्यांना हॉस्पिटलात नेलं. तपासण्या ठीक निघाल्या. बीपी खाली गेलं होतं, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

मुलगा माझ्याकडे आला. भला माणूस. आवाज चढवला नाही, खुर्चीवरही बसला नाही.

"मॅडम, तुम्ही मनापासून करता, मी मानतो," तो म्हणाला. "पण तिच्या डोक्यात ताकदीचं खूळ भरलंय. उद्या काही झालं तर मी कुणाला विचारू? आजपासून बंद."

माझ्याकडे उत्तर होतं. श्वासाचं, गोणीचं, न सांगितलेल्या व्यायामाचं. पण ते तोंडातून निघालं नाही, कारण मीही घाबरले होते. त्या गोणीवरून त्या उठल्याच नसत्या तर, हा विचार कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. आजींचं एक किलोचं डंबेल मी कपाटात ठेवून दिलं. चाचा विचारायचे, "अम्मा नहीं आयी?" आणि मी मान हलवायचे.

तीन आठवड्यांनी सून एकटीच आली. रिक्षातून, घरी न सांगता. समोर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आई बोलत नाहीत," ती म्हणाली. "पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. जेवायला बोलावलं तर म्हणतात, इथेच दे. आईंच्या जाऊबाई बघायला आल्या होत्या, त्यांच्याशीसुद्धा भांडल्या नाहीत."

मी म्हटलं, "डॉक्टरांशी बोला. त्यांनी परवानगी दिली तर आपण पुन्हा हळूहळू सुरू करू. पण तुमची भीती मला समजते."

"नाही समजत, मॅडम." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्या दिवशी आईंच्या छातीत दुखत होतं, तेव्हा घरात मीच होते. मी म्हटलं, गॅस असेल. सोडा दिला. ओव्याचं पाणी दिलं. तासभर पाठ चोळत बसले. यांना फोन केला तो नंतर. तो वाया गेलेला तास माझा आहे. म्हणून मी त्यांना तांब्या उचलू देत नाही. अजून एकदा माझ्या हातून काही नको."

त्या तासाबद्दल आजींना माहीत आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांनीच तर सोडा मागितला होता. पण मला कळायला हवं होतं."

मी तिला काय उपदेश करणार? मी कपाट उघडलं, एक किलोचं डंबेल तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "दहा वेळा उचला. मोठ्याने मोजा." तिने उचललं. सातव्यानंतर तिचाही हात थरथरला. ती हसली, आणि मग रडली. मी दार लोटून घेतलं.

हृदयाच्या डॉक्टरांनी मुलाला समोर बसवून समजावलं. व्यायामाने चक्कर आली नाही, श्वास कोंडून गोण ओढल्याने आली. पलंगावर पडून राहणं हेही धोक्याचंच आहे. व्यायाम करायचा, पण मापात, आणि कुणीतरी सोबत असताना. मुलाने फाइल बंद केली. मग म्हणाला, "सोबत कोण असणार? मी दिवसभर गोदामावर."

"मी," सून म्हणाली.

त्यानंतर दोघी एकत्र येऊ लागल्या आणि एकत्रच व्यायाम करू लागल्या. पुन्हा अर्ध्या किलोपासून. आजी डावीकडे, सून उजवीकडे, मधे एक खुर्ची. घरं आजी मोजायच्या आणि सून मागून म्हणायची. सून लग्न होऊन आलेली, तिला निम्मी घरं ठाऊकच नव्हती. बसता-उठता तिला गावाचा सगळा इतिहास कळला. कुणाचं लग्न कुणाशी ठरून मोडलं, कोणत्या घराने कोणत्या जमिनीचे पैसे कसे उडवले. जोर लावताना सुनेने दात आवळले की आजी तिला दटावायच्या, "तोंड उघड गो. श्वास सोड. मी एकदा धरला होता, काय झालं ते बघितलंस ना?"

एके दिवशी त्या आठव्या घरावरून नवव्यावर आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "जावेचं." हात वर गेला. नंतर त्यांनी आपणहून सांगितलं, "मी पडले होते तवा ती भाकरी घेऊन आली होती. बांध काय, आता त्याच्यावर गोदामाची भिंत हाय."

कधीतरी पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं की आजींची बोटं मनगटावर जात नाहीत. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. सवय जाते तेव्हा कळवून जात नाही. मी मुद्दाम विचारलं नाही, विचारलं असतं तर पुन्हा सुरू झालं असतं.

मार्गशीर्षात त्या वज्रेश्वरीला गेल्या. देवीच्या पायऱ्या चढल्या, सात-आठ पायऱ्या झाल्या की थांबत, सुनेशी बोलत. वरून त्यांनी मला फोन केला. वाऱ्याचा आणि घंटेचा आवाज येत होता.

"पोचले," त्या म्हणाल्या.

"धाप लागली का?"

"लागली. पण बोलता येत होतं. तूच सांगितलंस ना, बोलता आलं पायजे. ही विचारत होती, आई, थांबायचं का, थांबायचं का. हिला जास्त धाप लागली."

त्यानंतर त्या माझ्याकडे महिन्यातून एकदा येऊ लागल्या, बीपी दाखवायला आणि नवीन काही असेल तर शिकायला. "आता मना तुझं काम न्हाय," असं दर वेळी सांगायच्या आणि जाताना सुक्या बोंबलांची पुडी टेबलावर ठेवायच्या, मी नको म्हटलं तरी. घरी त्यांनी भाकऱ्यांचा ताबा परत घेतला होता. खाली पाट टाकून बसायच्या, सगळ्यांना वाढून झालं की जेवायच्या आणि उठायच्या. कुणी हात पुढे केला तर त्या हातात रिकामं ताट द्यायच्या.

अशी तीन वर्षं गेली. हृदय पूर्ववत झालं असं मी म्हणणार नाही. पंपिंग थोडं सुधारलं होतं, पण कमीच होतं. मधे दोनदा पाय सुजले, गोळ्या बदलल्या, व्यायाम थांबवून पुन्हा खालून सुरू केला. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं. मलाही माहीत होतं. गेल्या माघात एका दुपारी जेवून त्या आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. सुनेचा फोन आला. तिने "आई" एवढंच म्हटलं आणि मला कळलं.

दहाव्यानंतर मी त्यांच्या गावी गेले. वेशीपासून चालत. वड होता, मास्तरांचं घर होतं. बाकीची मला ओळखता आली नाहीत. मी ती फक्त ऐकली होती, आणि आता मधे मधे गोदामांचे पत्रे होते.

मुलगा ओसरीवर बसला होता. उठून उभा राहिला, पाणी मागवलं, आणि माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "मी तुमच्याकडे त्या दिवशी..." मी म्हटलं, "दादा, राहू दे."

खरं सांगते, येताना माझ्या मनात एकच विचार होता. शेवटी मी काय केलं? वाचवलं तर नाहीच. अर्ध्या किलोचं एक वजन, रबराचा पट्टा, भिंतीला हात टेकवून दहा वेळा. माझ्या कामात हा विचार अधूनमधून येतोच. मला वाटतं तो सगळ्यांनाच येत असावा.

सूनबाईने मला आतल्या खोलीत नेलं. आजींचा पलंग उभा करून भिंतीला लावला होता. आम्ही जमिनीवरच बसलो.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, मॅडम," ती म्हणाली. "माझे बाबा गेले ना, दिवाळीच्या आधी."

मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सकाळी फोन आला. हे बाहेरगावी होते. आई म्हणाल्या, चल, मी येते. माझं माहेर अंबाडीच्या पुढे, आत. ओढ्यावरच्या मोरीचं काम चाललं होतं, गाडी रस्त्यावरच थांबली. तिथून घर पंधरा मिनिटं. मला उतरल्यावर उभंच राहता येईना. पाय चालत नव्हते. आईंनी माझा हात खांद्यावर घेतला, कमरेला धरलं आणि चालू लागल्या. दगड आला की थांबायच्या, मी पाय उचलला की पुढे. मी सगळा भार त्यांच्यावर टाकला होता, मॅडम. सगळा. घराच्या दारापर्यंत."

बाहेर कुणीतरी तिला हाक मारली. "आले," असं म्हणून तिने डोळे पुसले, पण उठली नाही.

"संध्याकाळी परत येताना गाडीत माझ्या लक्षात आलं," ती म्हणाली. "आई हार्ट पेशंट आहेत हे मला दिवसभर आठवलंच नव्हतं. आणि त्यांनीही आठवण करून दिली नाही."